जांभूळकोंडच्या नऊ बाटल्या

महाडच्या एसटी स्टँडपासून पोलादपूरच्या डोंगरातल्या शेवटच्या वाडीपर्यंत सुनील चोरगेला नावाने हाक मारणारे फार थोडे. बाकी सगळे त्याला बाटलीवाला म्हणतात. दारूशी त्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याच्या सासऱ्यांनाही पहिले काही महिने तोच संशय होता. सुनीलच्या पाठीवरच्या निळ्या सॅकमध्ये रुंद तोंडाच्या, लाल झाकणाच्या रिकाम्या बाटल्या असतात. त्या तो संध्याकाळी पुरुषांना वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या गोळा करतो. भरलेल्या म्हणजे लघवीने.

मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजने या दोन तालुक्यांत पुरुषांच्या आजारांवर संशोधन काढलं होतं. लघवीला त्रास होणं, रक्त जाणं, मूल न होणं, असले सगळे आजार. आपल्याकडे आशाताईच्या वहीत बायकांची पाळी, बाळंतपण, अंगातलं रक्त, सगळं टिपलेलं असतं. पुरुषाच्या कमरेखाली काय चाललंय हे मात्र कुठल्याही वहीत नाही. ते विचारायला कुणी जात नाही, आणि गेलंच तर पुरुष उत्तर देत नाही. म्हणून स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं, प्रियदर्शिनी मॅडम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई तिथे बसू लागल्या, आणि वाड्या-वाड्यांतून फिरायला सुनीलला नेमलं.

माणूस अचूक निवडला होता. सुनील बांधावर बसायचा, भाताची, मुंबईतल्या पोरांची चौकशी करायचा, आणि मध्येच सहज विचारायचा, "काय हो, रात्रीचं कितीदा उठावं लागतं?" समोरचा आधी हसायचा, मग चिडायचा, आणि मग वळणापर्यंत पोचवायच्या निमित्ताने सोबत चालत येऊन सगळं सांगून टाकायचा. समोरचा तरुण असला, लग्नाला पाच-सहा वर्षं होऊन पाळणा हलला नसला, तर सुनील आधी स्वतःचं सांगायचा.

स्वतःचं म्हणजे हे. सोनालीशी त्याचं लग्न झालं तेव्हा तो बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत कामाला होता. आठ वर्षं मूल नाही. त्या आठ वर्षांत सोनालीने सगळं केलं. महाडच्या, माणगावच्या, मुंबईच्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढली, पोटाचे फोटो काढले, गोळ्या खाऊन अंगाने सुजली, सोमवार धरले, आणि सासूची बोलणी खाल्ली ती वेगळीच. सुनीलने एकदाही तपासून घेतलं नाही. माझ्यात काय असणार, म्हणायचा. नवव्या वर्षी एका डॉक्टरने दरडावलं तेव्हा नमुना दिला, आणि दोष त्याच्यातच निघाला. तो रिपोर्ट घेऊन घरी आला तेव्हा सोनाली बोंबील साफ करत होती. त्याने सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पुढचा बोंबील हातात घेतला. त्या "बरं"ची लाज सुनीलला अजून वाटते, आणि ती तो लपवत नाही. हे ऐकल्यावर तरुण पोरं बाटली मागून घ्यायची.

एक जांभूळकोंड मात्र हाती लागत नव्हतं. उमरठच्या पुढे चढण चढून गेल्यावर वीस-बावीस उंबऱ्यांची ती वाडी. तिथे कुठलीही गोष्ट एकट्याने ठरत नाही. लग्न असो, रस्त्याचं काम असो की पाण्याची टाकी, गावकी बसते, ठरवते, आणि ठरलं की देवीपुढे नारळ ठेवते. नारळ ठेवून घेतलेली शपथ मोडायची हिंमत मुंबईत चाळीस वर्षं राहून आलेल्यालाही होत नाही. तरुण सगळे बाहेर कामाला, म्हणून वाडीत राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या नऊ पुरुषांची नावं सुनीलच्या यादीत होती, आणि नऊही जण वर्षभर नाही म्हणत होते. कारणही साधं होतं. आधीच डोंगरातल्या पोरांना कुणी मुलगी देत नाही. त्यात जांभूळकोंडच्या पुरुषांत खोट आहे असं कॉम्प्युटरमध्ये नोंदलं गेलं, तर उरलीसुरली स्थळंही जातील.

शेवटी सुनीलने वशिला लावला. वाडीतली चंद्रभागा त्याच्या गावची माहेरवाशीण, म्हणून तो तिला आत्या म्हणायचा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, एकच मुलगा होता, शुभम, तोही बिरवाडीला खोली घेऊन रंगाच्या कारखान्यात कामाला. चंद्रभागा आपल्या थोरल्या दिराशी, भागोजीशी बोलली. भागोजी म्हणजे गावकीचा म्होरक्या. शिमग्याला सगळी वाडी घरी आली होती, गावकी बसली, आणि भागोजीने निरोप धाडला की बाटल्या घेऊन ये.

सुनीलने संध्याकाळी नऊ घरी नऊ बाटल्या दिल्या. नियम असा की सकाळी घरोघर जाऊन ज्याची बाटली त्याच्या हातून घ्यायची. पण सकाळी तो वाडीत शिरला तर भागोजीच्या पडवीत नऊही बाटल्या ओळीने मांडून ठेवलेल्या.

"तुजी पायपीट वाचवली रे," भागोजी म्हणाला. "चहा घे."

सुनीलने बाटल्या उचलल्या आणि त्याला कळलं. चार वर्षांत त्याने हजारभर तरी बाटल्या हाताळल्या होत्या. कुणाची पिवळीधमक असते, कुणाची गढूळ, कुणी काठोकाठ भरतो, कुणाला चार थेंबही जमत नाहीत. या नऊही एका रंगाच्या होत्या, पाण्यासारख्या फिकट, एकाच खुणेपर्यंत भरलेल्या, आणि नऊही कोमट. नऊ माणसं नऊ घरांत एकाच मिनिटाला कशी बसतील? भागोजी त्याच्याकडे पाहत होता. सुनीलने चहा घेतला, बाटल्यांवर नावं घातली आणि सॅकची चेन लावली. वर्षभर दार न उघडणारी वाडी एका सकाळी पुरी झाली होती. ऑफिसात मॅडमनी त्याला शाबासकी दिली, आणि खरं सांगायचं तर ती त्याला गोडही लागली.

पाच आठवड्यांनी मुंबईहून रिपोर्ट आले. मॅडमनी त्याला आत बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"सुनील, जांभूळकोंडच्या नऊच्या नऊ नमुन्यांत रक्त आहे. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण आहे. आणि पेशी आहेत, कॅन्सरच्या वाटाव्यात अशा. मूत्राशयातल्या."

मॅडमनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"पण आकडे बघ. नऊही ठिकाणी तेच, अगदी दशांशापर्यंत. असं होत नाही. लॅबने एकच नमुना नऊदा तपासलाय असं मला वाटतंय. तू प्रत्येकाच्या हातून घेतला होतास ना?"

"हो मॅडम," सुनील म्हणाला.

हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतके पटकन गेले की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, शिवाय चार वर्षांच्या हजार बाटल्यांवर प्रश्नचिन्ह लागलं असतं. हे सगळं त्याच्या मनात नंतर आलं. आधी फक्त "हो" आलं.

मॅडमनी नऊही जणांना जीप पाठवून महाडला आणवलं. या वेळी एकेकाला आत पाठवून, आपल्या समोर नमुने घेतले आणि तातडीने तपासायला धाडले. नऊही स्वच्छ निघाले. सोमा नावाच्या म्हाताऱ्याची प्रोस्टेट ग्रंथी तेवढी वाढलेली होती, त्यावर गोळी सुरू झाली. लॅबची चूक असा शेरा पडला, आणि जुने नऊ नमुने रद्द झाले. लॅबवाले आमची चूक नाही म्हणून भांडत होते, पण ऐकतो कोण?

वाडीत आनंदीआनंद झाला. भागोजी पुढच्याच बाजाराला महाडला आला तो खास पेढे घेऊन. सुनीलने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"तात्या, खरं सांगा. शिमग्याला त्या नऊ बाटल्या कुणी भरल्या?"

"ज्याची त्यानं."

"तात्या, ज्या माणसानं त्या भरल्या तो आजारी आहे. त्याला कळलं पाहिजे."

भागोजीचा चेहरा क्षणभर हलला. मग तो म्हणाला, "मशीन चुकली असं मॅडमच बोलल्या ना? मग झालं तर. आणि हे बघ, देवीपुढं नारळ ठेवलाय. आता त्यावर एक शब्द इचारू नको." आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात देऊन चालता झाला.

म्हणजे एकानेच भरल्या होत्या. आणि तो त्या नवांपैकी नव्हता, कारण नऊही स्वच्छ निघाले होते. तो वाडीतलाच कुणीतरी होता, यादीत नसलेला, आणि आता तर कुठल्याच कागदावर नसलेला. मॅडमनी फाईल मिटली होती. त्या माणसाच्या पोटात काय वाढतंय हे जगात फक्त सुनीलला माहीत होतं, आणि कोण ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढचे चार दिवस सुनील भातात बोटं फिरवत बसायचा. सोनालीने तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"तुम्ही आठ वर्षं गप्प बसलात, ते मी भोगलं," ती म्हणाली. "आत्ताचं कोण भोगतंय?"

तिने आवाजही चढवला नव्हता. सुनीलने हात धुतले, मोटरसायकल काढली आणि भर दुपारी जांभूळकोंडची चढण धरली.

वाडीत पुरुषमाणूस दिसेना, सगळे कुणाच्या तरी काजूच्या बागेत गेले होते. चंद्रभागा ओटीवर होती. घराला नवा रंग लागत होता, दारात पत्र्याचे डबे उघडे पडले होते. वैशाखाच्या शेवटी शुभमचं लग्न ठरलं होतं. पोरगा चौतीस वर्षांचा होईपर्यंत सतरा स्थळं मोडली होती, अठरावं जमलं. उमरठची सलोनी, बारावी शिकलेली. चंद्रभागेला सांगू किती आणि काय असं झालं होतं.

"आत्या, एक विचारायचं होतं. शिमग्याच्या त्या बाटल्या..."

चंद्रभागा खळखळून हसली. पुरुषांनी देवीपुढे शपथ घेतली होती खरी, पण त्या शपथेत बायकांना घ्यावं असं कुणाला सुचलं नव्हतं. गावकीत बायका बसत नाहीत.

"तुला कळलं व्हय रे? काय मज्जा झाली त्या दिवशी! थोरलं दीर बोललं, म्हाताऱ्यांचं पाणी कशाला देता, खोट निघायची. वाडीत अंगानं सगळ्यात धडधाकट कोण? तर आमचा शुभम. पोर तांब्यावर तांब्या पाणी प्याला, एका बादलीत धरलं, आणि ही सगळी बाटल्या घेऊन रांगेत हुबी! हसून हसून पोट दुखलं गो बाई. बोलले, आता ह्याच्या पाण्यावर वाडीची अब्रू." ती हसता हसता पदराने डोळे टिपत होती. मग तिने सुनीलकडे पाहिलं, आणि पदर तसाच हातात राहिला.

"काय रे? का असा बघतोस?"

सुनीलला वाटलं, आत्ता काहीतरी थाप मारावी, उठावं, थेट बिरवाडी गाठून पोराला एकट्याला सांगावं. पण थापा पुरे झाल्या होत्या. त्याने सांगितलं. कॅन्सर हा शब्दही लपवला नाही. चंद्रभागेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती आत गेली, चूल विझवली, दाराला कडी घातली आणि चपला पायात सरकवून म्हणाली, "चल."

बिरवाडीच्या खोलीत शुभम नुकताच ड्युटीवरून येऊन पडला होता. त्याच्या बनियनच्या गळ्याला गुलाबी डाग होते, नखांच्या कडा लाल होत्या. आईला बाटलीवाल्याच्या मोटरसायकलवरून उतरताना पाहून तो चमकला. सुनीलने तिला बाहेर बसवलं आणि पोराला सरळ विचारलं.

"लाल होते का रे लघवी?"

"होते की. दिवाळीपासून." शुभमला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मी लाल रंगाच्या खात्यात हाय दादा. आमचा घाम पण लाल येतो, थुंकी पण लाल. जुने कामगार बोलतात, रंग अंगात जातो तसा बाहेर पन येतो, फिकर नॉट. सुट्टीवर गेलो की साफ होतं."

"दुखतं?"

"नाय. दुखलं असतं तर गेलो असतो ना डॉक्टरकडं."

सुनीलने कपाळावर हात मारून घेतला. रंगाने लघवी लाल होते, रक्तानेही होते, आणि त्या खात्यातल्या माणसाला यातलं कुठलं कुठलं हे सांगणारं कुणी नव्हतं. शिमग्याला आठवडाभर घरी होता म्हणून ती स्वच्छ दिसली, आणि स्वच्छ दिसली म्हणूनच तर गावकीने त्याला निवडलं. सुनील त्याच्या शेजारी बसला आणि त्याने सगळं समजावून सांगितलं. शुभमने पहिला प्रश्न विचारला तो लग्नाचा.

"लग्न झाल्यावर आलो तर चालंल?"

"मीही असंच म्हणायचो," सुनील म्हणाला. "आज नको, मग बघू. तुझी सोनाली वहिनी त्याची किंमत अजून मोजतेय. तू सलोनीला ते करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलासमोर शुभमला बसवण्याआधी सुनील एकटा आत गेला आणि त्याने सगळं कबूल केलं, पडवीतल्या कोमट बाटल्यांपासून त्या दोन शब्दांपर्यंत. मॅडमनी जांभूळकोंडची मिटलेली फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "तुझं काय करायचं ते नंतर. त्याला आत पाठव."

त्याच आठवड्यात मुंबईला दुर्बीण घालून तपासणी झाली. मूत्राशयात गाठ होती. ती काढायला लागणार होती, पुढे औषध आत सोडायला लागणार होतं, कदाचित मोठं ऑपरेशनही. हे रंगामुळे झालं का, असं शुभमने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "शंका आहे, पण खात्रीने सांगता येत नाही. हे शोधायलाच तर आम्ही बाटल्या गोळा करतो." सुनीलने मान वर केली नाही. मुलीकडच्यांना कळवलं तेव्हा त्यांनी "विचार करून सांगतो" असा निरोप दिला. भागोजी एकदा हॉस्पिटलात येऊन गेला, पुतण्याच्या खाटेपाशी उभा राहून भिंतीकडे बघत राहिला आणि तसाच परतला.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर चंद्रभागा आणि सुनील दोघंच होते. शुभमला आत नेताना त्याने सुनीलचा हात दाबला होता. "दादा, तू नसता आलास तर मी तसाच बोहल्यावर चढलो असतो," असं म्हणाला होता. दार लागल्यावर चंद्रभागेनेही तेच काढलं.

"तू आलास म्हणून कळलं रे. नायतर आमची माणसं नारळ धरून बसली असती. देवानंच धाडला तुला."

सुनीलला ते सहन होईना. "आत्या, असं नका बोलू," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. शिमग्याच्या सकाळी, बाटल्या हातात घेतल्या तेव्हाच. एकाच्याच आहेत हे ओळखलं मी, आणि चहा पिऊन निघून आलो. मग मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. तेव्हाच बोललो असतो तर तुमचा पोरगा आत्ता ज्या टेबलावर आहे तिथे दोन महिने आधी असता."

चंद्रभागा त्याच्याकडे पाहत राहिली. ती उठली, जिन्यापर्यंत गेली, तिथल्या नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि परत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघांच्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा राहिली. सुनीलला वाटलं, हिने शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी, म्हणजे निदान काहीतरी फिटेल.

"हे पोराला बोललास?" तिने विचारलं.

"नाही अजून. सांगणार आहे."

"नको सांगू."

"आत्या, मला सांगितल्याशिवाय..."

"तुला काय वाटतं ते मी इचारलं नाय." तिचा आवाज कोरडा होता. "भावकीवरचा त्याचा इश्वास उडाला. सासरवाडीचा भरवसा नाय. आता डॉक्टर सांगंल ते तो फक्त तुज्या शब्दावर करतोय, सुई पन तुज्या शब्दावर घेतो. तेवढं एक राहिलंय त्याच्यापाशी. तुजं मन हलकं करायला ते काढून घेऊ नको."

मग ती समोरच्या बंद दाराकडे वळून बसली. शुभमला बाहेर आणलं तेव्हा तो गुंगीत होता, आणि डोळे उघडताच त्याने आधी आईकडे पाहिलं, मग सुनीलला शोधलं. चंद्रभागा बाजूला सरकली आणि सुनीलला पुढे हो म्हणून खूण केली.